एका पायात नमद्याचा बूट

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात दर वर्षी एक-दोन कथा फौजीच्या असतातच. लढाई संपलेली असते, गाडी फलाटाला लागते, गर्दीतून काळी ट्रंक पुढे सरकते, बायको पदर सावरत धावते, दोघांचे डोळे भरून येतात आणि कथा संपते. लिहिणाऱ्याने जीव ओतलेला असतो, त्यामुळे अशी कथा साभार परत करताना माझ्या जिवावर येतं. पण करावी लागते. जिथून कथा सुरू व्हायची, नेमकी तिथेच ती संपवलेली असते.

माझे थोरले मामा फौजेत होते. सुट्टीवर आले की त्यांची ती ट्रंक ओटीवर ठेवली जायची. पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण. मामी दोन दिवस आधीपासून दळण-कांडण, सारवण यांत बुडालेली असे. आणि मामांची धाकटी लेक त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. आईच्या पदराआडून ती हळूच विचारायची, ‘हे परत कधी जाणार?’ मामा हसायचे. तिला खाऊ द्यायचे, ती घ्यायची नाही. मग तो खाऊ मामी तिच्या हातावर ठेवायची तेव्हा ती खायची. युद्धानंतरच्या भेटीची कथा ही अशा घरात सुरू होते, असं मला वाटतं. गेलेला माणूस एका दिवसात परत येतो, पण त्याची घरातली जागा तो नसताना भरून गेलेली असते. कुणीतरी ती भरलेली असते, भरावी लागलेली असते. ती जागा त्याला पुन्हा कशी मिळते, मिळते की नाही, हे या प्रकारच्या कथेचं खरं काम आहे.

ते काम कसं चालतं हे बघायला मी नेहमी एकच कथा हातात घेते. आंद्रेय प्लातोनोव या रशियन लेखकाची ‘परतणं’. ‘नोव्ही मीर’ या मासिकाच्या १९४६ च्या जोडअंकात ती छापली गेली, तेव्हा तिचं नाव होतं ‘इवानोवचं कुटुंब’. इंग्रजीत रॉबर्ट चँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं तिचं भाषांतर मिळतं. पंचवीस-तीस पानांची कथा आहे. एका बैठकीत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४५ च्या मे महिन्यात जर्मनी शरण आला आणि जून संपण्याआधीच सोव्हिएत सरकारने सैनिकांना घरी सोडण्याचा कायदा केला. सगळ्यांत वयस्क तुकड्या आधी, मग पुढच्या, असं करत १९४८ पर्यंत सुमारे ८५ लाख माणसं सैन्यातून मोकळी झाली. चार वर्षं घराबाहेर राहिलेली ही माणसं आगगाड्यांतून देशभर पसरली. त्याच युद्धात त्या देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली होती. म्हणजे एका दारात कुणी परत येत होतं, तेव्हा शेजारच्या दारात कुणी येणार नव्हतं. कथा वाचताना हे शेजारचं दार लक्षात ठेवावं लागतं.

कथेचा नायक अलेक्सेय इवानोव. रशियात इवानोव हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं, गल्लोगल्ली सापडणारं. हुद्द्याने कॅप्टन. पलटण त्याला थाटात निरोप देते, खाणं-पिणं होतं, तो स्टेशनवर जातो. गाडी येतच नाही. तो रात्रीपुरता परत जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, या वेळी आवरता, कारण एकाच माणसाला दोनदा तितक्याच गहिवराने निरोप देता येत नाही. गाडी पुन्हा नाही. आता परत कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून तो स्टेशनवरच थांबतो.

नवखा लेखक हे दोन दिवस गाळेल. प्लातोनोव गाळत नाही, आणि कथेचं यंत्र इथेच जोडलं जातं. चार वर्षं पलटण हेच इवानोवचं घर होतं, ते सुटलं. खरं घर अजून आलेलं नाही. मधल्या या फलाटावर तो कुणाचाच नाही, आणि तिथे त्याला माशा भेटते. ती विमानतळाच्या एका तुकडीत भटारखान्यात होती, तीही घरी निघालेली. तिची माणसं जर्मनांनी मारलेली आहेत, त्यामुळे घर म्हणजे काय उरलंय हे तिलाच माहीत नाही. दोघंही घरी जायला घाबरलेली आहेत. तिच्या केसांना रानातल्या गळून पडलेल्या पानांचा वास आहे, हे त्याला जाणवतं. गाडीतून दोघं बरोबर जातात, आणि तिचं गाव आलं की तोही उतरतो. तिथे दोन दिवस राहतो.

आता लेखक काय करतो बघा. तो इवानोवला दोष देत नाही, त्याची बाजूही मांडत नाही. तो सरळ उठतो आणि आपल्याला इवानोवच्या घरी घेऊन जातो. नवरा निघाल्याची खबर मिळालेली बायको तीन दिवस ओळीने प्रत्येक गाडीला स्टेशनवर जाते आहे. काम बुडतंय, रात्री झोप नाही, आनंदाने. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलतो तो ऐकत ती पडून राहते. चौथ्या दिवशी ती दिवसाच्या गाडीला मुलांना पाठवते आणि रात्रीच्या गाडीला स्वतः जाते. इवानोव येतो सहाव्या दिवशी.

बस, एवढंच. दिवसांची बेरीज आपली आपण करायची. पण ती केली की वाचक या घरातला एकमेव साक्षीदार होतो. बायकोला माहीत नाही, मुलांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. पुढे रात्री हाच नवरा बायकोला जाब विचारायला बसेल, तेव्हा लेखकाला एक शब्दही बोलावा लागणार नाही. पुरावा त्याने आधीच आपल्या खिशात ठेवलेला आहे. मला ही कथेतली सगळ्यांत कुशल गोष्ट वाटते, आणि ती किती कमी शब्दांत झाली आहे!

स्टेशनवर त्याला न्यायला आलेला असतो मुलगा, पेत्रुश्का. वय अकरा पुरं, बारावं चालू. बाप त्याला चटकन ओळखत नाही. एखाद्या गरीब पण टापटिपीच्या छोट्या शेतकऱ्यासारखा तो दिसतो. आजूबाजूला सगळीकडे नुसता अव्यवस्थेचा कारभार चाललाय अशा नजरेने जगाकडे बघणारा. इथे लेखक कपड्यांपाशी थांबतो. बूट जुने, पण अजून चालतील असे. पँट आणि जाकीट बापाच्या जुन्या साध्या कपड्यांतून बेतलेली, कुठे रफू, कुठे ठिगळ, पण भोक कुठेच नाही.

मी इथे दर वेळी थांबते. बाप गणवेशात आहे. त्याचे घरचे कपडे मुलाच्या अंगावर आहेत. इवानोवला आता ते कपडे घालायचे असतील तर ते उरलेलेच नाहीत. लेखकाने हे कुठेही उलगडून सांगितलेलं नाही. शिवाय हे कपडे घाईत टाचलेले नाहीत, कुणीतरी रात्री बसून नीट बेतलेत, दोऱ्याला दोरा जुळवून. त्या टाक्यांत बायकोची चार वर्षं आहेत, आणि ती अजून कथेत समोरही आलेली नाही.

मग घर. दारात ल्यूबा, त्याची बायको. तिचं पूर्ण नाव ल्यूबोव, आणि रशियन भाषेत या शब्दाचा अर्थच प्रेम. तो तिला मिठीत घेऊन तसाच उभा राहतो. आपल्या दिवाळी अंकातली कथा इथे संपली असती. प्लातोनोवच्या कथेत या क्षणी पाच वर्षांची नास्त्या येते आणि त्या परक्या माणसाला आईपासून ढकलायला लागते, रडायला लागते. तिने बापाला ओळखायचं कुठून? तो गेला तेव्हा ती पाळण्यातली.

घराला मात्र तो ओळखतो. सामान जिथल्या तिथे आहे, आणि घराचा वास, लाकडाचा, चुलीचा, मुलांच्या अंगाचा, तो नसताना चार वर्षांत जराही बदललेला नाही. ही कथा होमरपर्यंत मागे जाते ती इथे. ‘ओडिसी’त वीस वर्षांनी घरी आलेल्या ओडिसियसच्या गळ्यात पेनेलोपी लगेच पडत नाही. ती दाईला म्हणते, आमचा पलंग बाहेर काढ आणि यांना अंथरूण घालून दे. तो उसळतो, कारण त्या पलंगाचा एक खांब म्हणजे जमिनीत मुळं रोवलेलं ऑलिव्हचं झाड आहे. त्याने स्वतःच्या हाताने ते तासून पलंग त्याभोवती बांधला होता. तो हलवता येतच नाही, आणि हे घरातल्या दोघा-तिघांखेरीज कुणाला माहीत नाही. तिला खूण पटते. वस्तू हलली नाही म्हणजे माणूस तोच, नातं तेच. होमरच्या काळापासून ही युक्ती चालत आली आहे.

प्लातोनोवने ती उलटी करून वापरली. इवानोवच्या घरातल्या सगळ्या वस्तू आहेत तिथेच आहेत, वाससुद्धा तोच आहे, आणि तरी त्याला घरात बसायला जागा सापडत नाही. कारण कारभार पेत्रुश्काच्या हातात आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: कर्ता. अकरा वर्षांचा हा पोरगा घराचा कर्ता झालाय. तो आईला चुलीकडे पिटाळतो. नास्त्याला बजावतो, बटाट्याची सालं पातळ काढ, जाड काढशील तर बटाटा वाया जातो. चुलीतल्या जाळावरसुद्धा तो करवादतो, की नीट एकसारखा का जळत नाहीस. बाप आल्याच्या आनंदात मिठ्या मारत किती वेळ उभं राहायचं, कामं पडलीत, असा त्याचा एकूण सूर. वाचताना हसू येतं, आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. या मुलाचं बालपण कुठे गेलं हे विचारायला कुणी उरलेलं नाही, कारण त्या बालपणाच्या बदल्यातच हे घर टिकलंय. आई दिवसभर वीटभट्टीच्या कारखान्यात. मग घरात रेशन कोण पुरवून वापरणार?

आता घरात दोन कर्ते झाले. भांडणाला आणखी काही लागत नाही. पण प्लातोनोव ते भांडण थेट येऊ देत नाही. तो एक पाय मध्ये आणतो, रशियन घरात भाजतात तो पीठ-सारणाचा. बाप आला म्हणून केलेला. पेत्रुश्का अगदी थोडा घेतो. का, तर बाकीच्यांना जास्त उरावा. नास्त्या खाता खाता एक तुकडा उचलते आणि नेऊन उशीखाली ठेवते. बाप विचारतो, कुणासाठी? सेम्यॉनकाकांसाठी.

हा तुकडा मला हाताच्या अंतरावर दिसतो. उशीखाली का? तर गार होऊ नये म्हणून. पाच वर्षांच्या पोरीला हे कसं सुचलं? तिने आईला एकदा तसं करताना पाहिलं होतं, १ मेच्या सणाला. आईलाही ते आता आठवतं. म्हणजे या घरात आणखी एका माणसाचा वाटा काढून ठेवायची रीत पडलेली आहे. एखाद्या सुमार कथेत इथे पत्र सापडलं असतं, शेजारीण कुजबुजली असती. इथे एका लहान मुलीच्या निव्वळ प्रेमळ कृतीतून संशय जन्माला येतो. नास्त्याच्या हातून काही वाईट झालेलं नाही. तिने एका माणसासाठी ऊब राखून ठेवली. पण बापाला त्या उशीखालून धूर निघताना दिसतो.

कोण हा सेम्यॉन? मोगिल्योव शहरात त्याची बायको आणि मुलं जर्मनांनी मारली. मुलांच्या सहवासासाठी तो या घरी येत असे, त्यांच्याशी खेळायचा, वाचून दाखवायचा, जमेल ते आणून द्यायचा. शेजारच्या दाराबद्दल मी मघाशी म्हटलं ते हे. ज्याच्याकडे कुणीही परत येणार नाही असा माणूस, ज्याच्याकडे सगळं शाबूत आहे अशा माणसाच्या घरात ऊब शोधायला येतो. इवानोवच्या मत्सराला लेखकाने समोर उभा करून दिलेला माणूस हा असा आहे. याहून कठीण पेच मला कुठल्या कथेत आठवत नाही.

रात्री मुलं झोपली असं समजून नवरा-बायको बोलत बसतात. हा संवाद हळूहळू हिशेबाच्या वहीसारखा होत जातो. मी लढलो, मी मरण पाहिलं, तू इथे काय केलंस? ल्यूबा सांगते की सेम्यॉनशी तसं काहीही नव्हतं. आणि मग, विचारलं नसतानाच म्हणावं तसं, ती सांगून टाकते की एकदा, एकच वेळ, दुसऱ्या एका माणसाजवळ ती गेली होती. एकटेपणाने जीव जात होता म्हणून, आणि त्यातून तिला काहीही मिळालं नाही. ती खरं बोलते आणि फसते. तो गप्प राहतो आणि वरचढ ठरतो. आणि आपण, खिशात पुरावा घेऊन बसलेले, बघत राहतो.

तेवढ्यात अंथरुणातून पेत्रुश्का बोलायला लागतो. तो झोपलेला नव्हताच. तो एक हकिकत सांगतो. खारितोनकाका युद्धावरून आला, तेव्हा त्याला कळलं की त्याची बायको आन्यूता कुणा दुसऱ्याबरोबर होती. दिवसरात्र भांडणं झाली. मग खारितोनने बायकोला सांगितलं, माझ्याही तिकडे पुष्कळ होत्या. फिटंफाट झाली, दोघं हसली, आता बरं चाललंय. आणि खरी गंमत अशी की खारितोनच्या कुणीच नव्हत्या. भांडण मिटावं म्हणून त्याने त्या बनवून सांगितल्या.

कथेच्या आत ही दुसरी कथा का बसवली? एक तर, मूल हे सगळं कसं समजतं ते कळतं. त्याला पापपुण्याशी कर्तव्य नाही. हिवाळा तोंडावर आहे, जगायचंय, आणि ही मोठी माणसं वेड्यासारखी भांडताहेत, इतकंच त्याला दिसतं. दुसरं म्हणजे, पोराने नकळत बापाची दुखरी नस दाबली. खारितोनने नसलेल्या बायका असल्याचं सांगून संसार राखला. इवानोवजवळ असलेली माशा आहे, आणि तो तिचं नाव काढत नाही. एका वाक्याने तो आपल्या बायकोच्या बरोबरीला येऊन बसू शकला असता.

याच वळणावर दुसऱ्या लेखकांनी काय केलं ते सांगायचा मोह होतो. बाल्झाकचा कर्नल शाबेर, १८३२ च्या लघुकादंबरीतला, आयलाऊच्या लढाईत मेला म्हणून प्रेतांच्या खड्ड्यात पुरला जातो, त्यातून जिवंत वर येतो, अनेक वर्षांनी पॅरिसला पोचतो, तर बायकोने एका उमरावाशी लग्न केलेलं आणि कागदोपत्री तो मृत. तिथे जागा कायद्यानेच भरलेली आहे, म्हणून बाल्झाकची कथा वकिलाच्या कचेरीत घडते आणि वृद्धाश्रमात संपते. हेमिंग्वेच्या ‘सोल्जर्स होम’मधला क्रेब्ज ओक्लाहोमातल्या घरी १९१९ च्या उन्हाळ्यात येतो, स्वागतं-सत्कार सगळे आटोपल्यावर. आई न्याहारी वाढते आणि प्रेमाचं विचारते. तो बशीतल्या बेकनच्या चरबीकडे बघतो, ती थिजत चाललेली असते. त्या थिजलेल्या चरबीत सगळी कथा आली. आणि हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून आपल्यापैकी अनेकांना माहीत असलेली गुलेरींची १९१५ ची ‘उसने कहा था’. तिथे भेट युद्धाच्या आधीच होते, पंचवीस वर्षांनी, आणि नायिका लहनासिंगकडून एक शब्द घेते: माझ्या नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ. लहनासिंग तो शब्द फ्रान्सच्या खंदकात पाळतो. परत येतात ते तिचे नवरा आणि मुलगा. प्रेमाचं नाव न काढता प्रेमाची कथा सांगायची, तर त्याला एखादं काम लावून द्यावं लागतं, हे गुलेरींना प्लातोनोवच्या तीस वर्षं आधी माहीत होतं.

प्लातोनोवला ते कुठून कळलं? त्याचे वडील वोरोनेझच्या रेल्वे कारखान्यात कामगार होते. घरात भावंडं पुष्कळ, हा थोरला. लहान वयातच कामाला लागला. म्हणजे पेत्रुश्का त्याला ऐकून माहीत नव्हता. पुढे तो इंजिनिअर झाला, जमीन-सुधारणा आणि विजेच्या कामांवर राबला, मग लेखक. त्याच्या मोठ्या कादंबऱ्या त्याच्या हयातीत देशात छापल्याच गेल्या नाहीत. १९३८ साली त्याच्या मुलाला, प्लातोनला, पंधराव्या वर्षी अटक झाली. छावणीतून तो सुटला तो क्षय घेऊन, आणि १९४३ च्या जानेवारीत गेला. बाप तेव्हा लष्करी वर्तमानपत्राचा युद्धवार्ताहर होता. मुलाची शुश्रूषा करताना तोच रोग बापाला जडला. हे कळल्यापासून पेत्रुश्काचे संवाद वाचताना माझं बोट ओळीवर थांबतं. स्वतःचा मुलगा जाऊन तीन-चार वर्षं झालेली असताना त्याने हा मुलगा लिहिला, असा हट्टी, करवादणारा, जिवंत.

कथा छापणाऱ्या ‘नोव्ही मीर’चा संपादक त्या वेळी कॉन्स्तान्तीन सिमोनोव होता, हाच तो कवी, ज्याची प्रेयसीला ‘माझी वाट पाहा’ म्हणणारी, १९४१ मध्ये लिहिलेली कविता युद्धकाळात सैनिकांच्या खिशाखिशात होती. वाट पाहणाऱ्या बाईचं खरं काय होतं, हे सांगणारी कथा त्याच्याच मासिकात आली. पण काळ वाईट होता. ऑगस्ट १९४६ मध्येच पक्षाने लेनिनग्राडच्या दोन मासिकांवर आसूड ओढला होता. जानेवारी १९४७ मध्ये समीक्षक येर्मिलोवने ‘लितेरातुर्नाया गाझेता’त या कथेला सोव्हिएत कुटुंबाची बदनामी ठरवलं. शीर्षकातलं ते गल्लोगल्लीचं आडनावच त्याला खुपलं असणार: एका इवानोवचं घर असं, म्हणजे सगळ्यांचंच असं म्हणायचं आहे का? त्यानंतर प्लातोनोवची स्वतःची नवी कथा छापणं जवळपास बंद झालं. लोककथांचं पुनर्कथन करून त्याने दिवस काढले आणि ५ जानेवारी १९५१ रोजी तो गेला. त्याने स्वतः दुरुस्त केलेलं, ‘परतणं’ हे नाव दिलेलं रूप १९६२ साली पुस्तकात आलं.

नाव बदललं हे फार बरं झालं, असं मी म्हणेन. ‘परतणं’ हे नाव वाचकाला विचार करायला लावतं, नक्की कुठलं परतणं? आतापर्यंत सांगितलं ते सगळं घडून गेल्यावरही इवानोव परतलेला नाही. सकाळी तो किटबॅग उचलतो आणि स्टेशनवर जातो. माशाकडे जायचं त्याने ठरवलंय. गाडी या वेळी वेळेवर मिळते.

गाडी सुटते. रूळ गावाला वळसा घालून जातात, आणि पुढे फाटकापाशी गावातली वाट रुळांना येऊन मिळते. इवानोव डब्याच्या दारापाशी उभा आहे. त्या वाटेने दोन मुलं पळत येताना त्याला दिसतात. कुणाची तरी मुलं. दोघं एकदम पडतात, उठतात, पुन्हा पळतात. मोठा धाकटीचा हात धरून तिला ओढतोय आणि दुसऱ्या हाताने गाडीकडे बघून बोलावतोय. पुन्हा पडतात. ती का पडताहेत हे त्याला दिसतं: मोठ्याच्या एका पायात नमद्याचा हिवाळी बूट आहे आणि दुसऱ्या पायात रबरी गलोश.

लेखनाची कारागिरी शिकायची असेल तर या दोन जोड्यांकडे पाहावं. सगळ्या घराला शिस्त लावणारा पोरगा. सालं पातळ काढा, जाळ नीट लावा. ज्याच्या कपड्याला एक भोक नव्हतं तो. त्याने पायात काय घातलं हे पाहिलं नाही. चार वर्षं सांभाळलेली सगळी व्यवस्था त्या घाईत गळून पडली, आणि पहिल्यांदाच तो अकरा वर्षांचा दिसतो. त्याला बाप हवा आहे हे त्याच्या तोंडून कथेत एकदाही आलेलं नाही. त्याच्या पायांनी ते सांगितलं. उशीखालच्या पायाने जे मोडलं होतं ते भाषणाने, क्षमेने, मिठीने जुळलं असतं तर आपला विश्वास बसला नसता. एका चुकीच्या जोडीने जुळतं, आणि विश्वास बसतो.

इवानोव डोळे मिटून घेतो, पडणारी मुलं बघवत नाहीत म्हणून. छातीत काहीतरी तापतं. इतकी वर्षं तो इतरांच्या आयुष्याला आपल्या मानाच्या, आपल्या फायद्याच्या आडोशातून हात लावत आला होता. आता मध्ये आडोसा राहिलेला नाही. तो आधी किटबॅग खाली टाकतो. मग सर्वांत खालच्या पायरीवर येतो आणि गाडीतून त्या वाळूच्या वाटेवर उतरतो.

ल्यूबा तिथे नाही. तिच्याशी काय बोलायचं, माशाचं सांगायचं की नाही, सेम्यॉनने यायचं की नाही, यातलं काहीही प्लातोनोव लिहीत नाही. पहिल्या खेपेला इवानोव फलाटावर उतरला होता, समोर अकरा वर्षांचा मुलगा उभा होता आणि बापाला ओळख पटायला वेळ लागला होता. या खेपेलाही लांबून पळत येणारी मुलं त्याला आधी कुणाची तरीच वाटली होती.